पारव्यांची डोणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लेकीला नाही, बहिणीला नाही, देवापुढे हात जोडून बसते तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथेही मी दुसऱ्याच गोष्टी काढते, गुडघेदुखीच्या, लेकीच्या बदलीच्या. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून कदाचित जमेल. मधेच मी भरकटायला लागले तर समजून घ्या, की जिथे पोचायचं ते जवळ आलंय आणि मला तिथे जायचं नाही.

आधी मी कोण ते सांगते. ते सोपं आहे. बीदरला जनावरांचे रोग तपासण्याच्या एका लॅबमध्ये मी नोकरी केली, निवृत्त होऊन चार वर्षं झाली. डॉक्टर नव्हे — टेक्निशियन. गाईम्हशींचं रक्त, शेळ्यांच्या लेंड्या, कोंबड्यांची आतडी, जे येईल ते मायक्रोस्कोपखाली बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं. आमच्या कॉलनीत मात्र सगळे मला डॉक्टरीणबाई म्हणतात. पहिल्यांदा कुणी म्हटलं तेव्हाच दुरुस्त करायला हवं होतं. केलं नाही. ऐकायला बरं वाटत होतं, दुसरं काय?

माझं माहेर औराद तालुक्यातलं चिंताकी. लहानपणी आमच्या शेताच्या बांधावर, बाभळीवर एक शिक्रा बसायचा. शिक्रा माहीत आहे ना? ससाण्याच्या नात्यातला, पण लहान, जेमतेम पारव्याएवढा. पाठ राखी, छातीवर बारीक तांबूस पट्टे, आणि नजर अशी की आपणच काहीतरी चोरलंय असं वाटावं. गावात तो सरडे धरायचा, टोळ धरायचा, उंदीर, एखादी चिमणी. आज हे, उद्या ते. मिळेल त्यावर भागवायचा.

शहरात शिक्र्याला खायची ददात नाही. प्रत्येक गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर, खिडकीवरच्या छज्ज्यावर पारवेच पारवे. मग शिकार शोधत रानोमाळ फिरायचं कामून, म्हणून शिक्रेही शहरात येतात. विजेच्या दोन खांबांमध्ये वाढलेल्या कडुलिंबाच्या झाडावर काट्याकुट्यांचं घरटं करतात आणि पिल्लांना रोज पारवा भरवतात. बघणाऱ्याला वाटतं, वा, शहरात शिकारी पक्षी आले, सगळं छान चाललंय. मलाही तसंच वाटायचं.

वरून दिसत नाही ते पारव्याच्या गळ्यात असतं. एक बारीक जंतू. मोठ्या पारव्याला बहुधा त्याचा त्रास होत नाही, तो जन्मभर घुमत राहतो. पण एकाच पाण्यात शेकडो चोची बुडायला लागल्या की जंतू याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात जातो. तो पारवा शिक्र्याच्या तावडीत सापडतो, शिक्रा त्याचे तुकडे करून पिल्लाला भरवतो. मोठा शिक्रा त्यातून बहुतेक निभावतो. पिल्लू निभावत नाही. त्याच्या गळ्यात पिवळा गोळा धरतो, नासलेल्या दुधाचा धरतो तसा, आणि वाढत वाढत नरडं बंद करतो. पिल्लू चोच उघडतं, आई घास घालते, घास खाली उतरत नाही. घरट्यात मांस पडलेलं असतं आणि पिल्लू भुकेनं मरतं. खेड्यातल्या शिक्र्याच्या घरात हे सहसा होत नाही, कारण त्याच्या वाट्याला पारवे येऊन येऊन किती येणार?

हे सगळं मला माहीत होतं. शिकलेलं होतं, कोंबड्या-कबुतरांमध्ये बघितलेलं होतं. हे लक्षात ठेवा — मी अडाणी नव्हते.

हे गेले त्याला आता नऊ वर्षं होतील. हे म्हणजे माझे यजमान, हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. माणूस अबोल. रोज सकाळी गच्चीवर मूठभर ज्वारी टाकायची आणि पारवे उतरले की चहाचा कप हातात धरून त्यांच्याकडे बघत उभं राहायचं, एवढीच हौस. ते गेल्यावर मी ज्वारी टाकत राहिले. आधी मूठभर, मग वाटीभर. मग वाटलं, कॉलनीच्या बागेत त्यांच्या नावानं काहीतरी करावं. सगळ्यांनी कल्पना उचलून धरली. दगडाची डोणी घडवून आणली, गुरं पाणी पितात तसली, लांबट आणि चांगली खोल. शेजारी दाणे टाकायला ओटा, आणि ओट्यावर काळ्या फरशीत कोरलेलं ह्यांचं नाव. त्या दिवशी मी नवी साडी नेसले होते. पहिला पारवा डोणीच्या काठावर उतरला तेव्हा मला रडू आवरेना, आणि बायकांनी मला धरून बाकावर बसवलं.

महिन्याभरात तिथे शेकड्यांनी पारवे यायला लागले. अमावास्येला, सोमवारी दुसऱ्या कॉलनीतल्या बायकासुद्धा पदरात दाणे घेऊन यायच्या. पाण्याचं मात्र असं — आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी येतं. तिथे भरलेली डोणी ओतून द्या म्हटलं, तर लोक वेड्यात काढतील. म्हणून जो येईल तो वरून घागरभर भर घालायचा. डोणी कधी रिकामी झाली नाही आणि कधी घासलीही गेली नाही. तळाला शेवाळ, वर तरंगणारी पिसं, कडेला दाण्यांचा चिखल. आणि ‘मास्तरांची डोणी कधी आटत नाही’ म्हणून तिचं कौतुक. ते कौतुक मी मान डोलवून घेत होते. रोज जनावरांच्या रोगांत हात घालणारी मी!

आता शरणप्पा अण्णा. एवढा वेळ मी त्यांच्या नावाच्या आजूबाजूनं फिरतेय, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

आमच्यापासून चौथं घर त्यांचं. लिंगायत माणूस, बसवण्णांना मानणारा. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचे नाहीत. भांड्यांचं दुकान चालवून थकले तेव्हा बंद केलं. बायको गेलेली, एकुलती एक लेक महानंदा कोहिनूर गावाला दिलेली. घरात एकटेच, पण एकटे म्हणायचं कसं, कारण गच्चीवर पस्तीस-चाळीस कबुतरं. उंच उडणारी, गिरेबाज. पै-पाहुण्यांशी ते कन्नड बोलायचे, आमच्याशी मराठी आणि कबुतरांशी दखनी उर्दू. कबुतराला तीच कळते, असं त्यांचं म्हणणं. रोज सकाळी एकेका कबुतराची चोच उघडून ते आत बघायचे. नवीन पाखरू आणलं तर पंधरा दिवस वेगळ्या खुराड्यात ठेवायचे. पाण्याची मडकी दोन वेळा राखेनं घासून उन्हात पालथी घालायचे. तेही नळाला पाचव्या दिवशी पाणी येत असताना.

डोणी बसवली त्याच आठवड्यात ते माझ्याकडे आले होते. दारातच उभे राहिले, आत येत नव्हते.

“ताई, राग मानू नका. ते पाणी रोज सांडून टाका. नुसतं वरून वतू नका. जंगली पारव्याच्या नरड्यात रोग ऱ्हातोय. आमी म्हणूनशान रोज भांडं घासताव.”

मी हसले. हो हो म्हटलं. आणि दार लावून घेतल्यावर मनात काय म्हटलं, सांगू? म्हटलं, आता हे मला शिकवणार. आपली कबुतरं डोणीवर येऊन जंगली पारव्यांत मिसळतील ही अण्णांची भीती, आणि सोंग आणलंय माझ्या भल्याचं. असं म्हटलं मी. भांड्यांच्या दुकानदारानं लॅबवाल्या बाईला रोग सांगावा, हे मला झोंबलं होतं.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात बागेतल्या लिंबावर शिक्र्यानं घरटं केलं. तीन पिल्लं झाली. सकाळी फिरायला येणारे मान वर करून बघायचे, फोटो काढायचे. मला विचारायचे, डॉक्टरीणबाई, ही उडणार कधी? मीही ऐटीत सांगायचे. शिक्र्याची जोडी डोणीवरचे पारवे उचलायची, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं; पारवे उदंड होते. पण एकदा त्या मादीनं शरणप्पांची पांढरी कबुतरी आभाळातच धरली. त्यांची सगळ्यात लाडकी. चार वर्षं जपलेली. म्हातारा गच्चीवरून ओरडत खाली आला, अनवाणी, धोतराचा सोगा सुटलेला. भर रस्त्यात उभे राहून लिंबाकडे हात करून म्हणाले, “जहर घालतो! एक दिवस जहर घालून मारतो बघा समद्यास्नी!”

सगळ्या कॉलनीनं ऐकलं. दोघं-तिघं हसलेसुद्धा. संध्याकाळी ते स्वतःच ओशाळून सांगत फिरले, रागात बोललो म्हणून.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी पिल्लं मरायला लागली.

पहिलं सकाळी झाडाखाली सापडलं. दुसरं दुपारी शरणप्पांच्याच फाटकापुढे पडलं, आणि त्यांनी ते उचललं. हे अनेकांनी बघितलं — शरणप्पा हातात मेलेलं पिल्लू घेऊन उभे, बोटानं त्याची चोच उघडून आत बघताहेत. लोकांना त्यातून काय वाटायचं ते वाटलं. मेलंय का नीट, ते बघायलाय म्हातारं, असं कुणीतरी म्हटलं, आणि तेवढं पुरलं. कुणी तरी तक्रार केली. वनखात्याचा माणूस आला, त्यानं दोन्ही मेलेली पिल्लं पिशवीत घातली, शरणप्पांना अंगणात उभं करून तासभर प्रश्न विचारले. पुढे त्यातून काही निघालं नाही. पण सत्तरीचा माणूस अंगणात मान खाली घालून उभा आहे आणि समोर कॉलनी जमलेली आहे, हे काही कमी आहे का?

तिसरं पिल्लू अजून जिवंत होतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी फांदीवरून घसरलं. सगळ्यांनी ते माझ्याकडे आणलं — डॉक्टरीणबाई, तुम्हीच बघा, विष आहे का सांगा. मी त्याला चपलांच्या खोक्यात घालून लॅबला नेलं. साहेब लाळ-खुरकतीच्या लसीकरणाला गावोगाव गेलेले, लॅबमध्ये मी एकटी. पिल्लाची चोच उघडली आणि मायक्रोस्कोपाची गरजच उरली नाही. पिवळा गोळा. तरीही मी कापसाचा बोळा फिरवला, कोमट मीठपाण्याच्या थेंबात घेतला, स्लाइड लावली आणि बघितलं. ते तिथे होते. शेकडो. शेपट्या हलवत, गिरक्या घेत, आपल्या कामात गर्क.

पिल्लू तासाभरानं खोक्यातच गेलं. शेवटी शेवटी ते माझ्याकडे बघत होतं. रागानं नाही, कशानंच नाही, नुसतं बघत होतं.

पहिला विचार कुठला आला? पिल्लांचा नाही. शरणप्पांचाही नाही. डोळ्यांपुढे आली ती काळी फरशी. उद्या मी खरं सांगितलं तर लोक विचारणार, रोग कशानं? पारव्यांनी. पारव्यांना कुठून? पाण्यातून. कुठल्या पाण्यातून? आणि मग सगळ्या माना ह्यांच्या नावाकडे वळणार. लोक म्हणतील, मास्तरांच्या नावानं मास्तरीणबाईनं रोग वाटला, आणि ही म्हणे लॅबवाली. मी स्लाइड धुतली. रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण काढलं, आणि रजिस्टर मिटलं.

संध्याकाळी कॉलनीला सांगितलं, सॅम्पल खराब झालं, नक्की सांगता येत नाही. विष आहे असं मी म्हटलं नाही. म्हणायची गरज काय होती? मी ‘सांगता येत नाही’ म्हणाले आणि एक उसासा टाकला. तो उसासा मी मुद्दाम टाकला होता. लोकांनी तो बरोबर ऐकला.

दिवे लागायच्या सुमाराला शरणप्पा आले. या वेळी ते आत आले, खुर्चीच्या टोकावर बसले.

“ताई, मी बघितलंय पिल्लाचं नरडं. पिवळं हाय. तुमाला तर कळतंयच. माझं कोण ऐकायलंय? तुमी एकदा सांगा समद्यास्नी.”

मी म्हटलं, “अण्णा, ते सॅम्पल ताजंच बघावं लागतं. वाळलं की काही कळत नाही. मला काही दिसलं नाही.”

“काइच न्हाई दिसलं?”

“नाही.”

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग “बरं ताई” म्हणाले आणि उठले. पाणी विचारलं तर नको म्हणाले. त्यांना कळलं होतं. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं होतं आणि मला ते कळलं होतं, आणि तरीही मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले, जपून जा म्हणाले.

पुढचं सगळं हळूहळू झालं, म्हणून ते बघणं सोपं गेलं. त्यांना कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण रस्त्यात लोक घाईत असल्यासारखे व्हायचे. श्रावणात त्यांच्या मठात दासोह असतो, सगळ्यांना पंगतीत जेवण. वर्षानुवर्षं त्या पंगतीत गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, वाढायचं काम शरणप्पांचं. जड पातेलं एका हातात, पळी दुसऱ्या हातात, आणि आग्रह असा की जेवणारा नको नको म्हणून पानावर आडवा व्हावा. त्या वर्षी मी जेवायला गेले होते. त्यांनी पातेल्याला हात घातला तर एका तरुणानं ते अलगद काढून घेतलं. “अण्णा, तुमी बसा की, आमी हाव.” आदरानंच म्हणाला. जीव घेतलेल्या हातचं वाढणं नको, हे कोण बोलून दाखवणार? शरणप्पा पंगतीत बसले. माझ्यासमोरच्या ओळीत. खाली मान घालून जेवले, आणि माझ्या पानात पडलेली हुग्गी मी संपवली. ती गोड लागली, हेही सांगून टाकते.

दिवाळीपर्यंत त्यांनी कबुतरं वाटून टाकली. बोलावून बोलावून दिली, प्रत्येकाची सवय सांगून. संक्रांतीनंतर घराला कुलूप लावून ते लेकीकडे कोहिनूरला गेले.

इथे थांबता आलं असतं. तुम्हीही म्हणाल, घाबरली बिचारी, नवऱ्याच्या नावाला जपली, माणसाकडून होतं. नका म्हणू. मी अजून पोचलेले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शिक्र्यांनी घरटं केलं ते बागेत नाही — माझ्या परसात, मागच्या भिंतीला लागून असलेल्या शिरसावर. ते फक्त माझ्या न्हाणीच्या खिडकीतून दिसायचं. दोन पिल्लं. डोणी तशीच भरलेली, तशीच घाण. मी ती का उपसली नाही? कारण उपसली असती तर कुणीतरी विचारलं असतं, आताच का? एवढ्यासाठी. हात धुताना मी खिडकीतून बघायचे आणि मनाशी म्हणायचे, यंदा होणार नाही काही. मोठी झालीत बऱ्यापैकी. यंदा होणार नाही.

वैशाखातल्या एका सकाळी दोन्ही खाली पडलेली होती. एकाला मुंग्या लागलेल्या. मी चोची उघडल्या. दोन्हींत पिवळं.

आणि उभ्या उभ्या माझ्या डोक्यात जे आलं ते हेच, की शरणप्पा कोहिनूरला आहेत. घराला कुलूप आहे. गच्चीवर एक कबुतर नाही. ही दोन पिल्लं मी नुसती फाटकाबाहेर ठेवली, एक शब्दही न बोलता नुसती ठेवली, तरी सगळ्यांना कळेल की त्या माणसानं काही केलं नव्हतं. मला कबुली द्यायचीसुद्धा गरज नव्हती. पिल्लांनीच ते काम केलं असतं. इतकं सोपं करून देवानं माझ्या परसात ठेवलं होतं.

मी खुरपं आणलं. कढीपत्त्याच्या झाडाखाली खड्डा केला, दोन्ही पुरली, वर पाणी शिंपडून माती सारखी केली. मग आंघोळ केली आणि डबा घेऊन कामावर गेले. दिवसाढवळ्या, शुद्धीत, कुणी जबरदस्ती केलेली नसताना. हे ते. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

लॅबमधलं खोटं घाबरून बोलले होते, असं म्हणता येईल. हे घाबरून केलं नाही. हे मी नीट विचार करून केलं.

त्यानंतर मला डोणी बघवेना. मी कॉलनीच्या मीटिंगमध्ये सांगितलं, पारव्यांच्या विष्ठेनं म्हाताऱ्यांना छातीचे आजार होतात, आपण हे बंद करू. तेही खरंच आहे. पण माझं कारण ते नव्हतं. मी स्वतःच ह्यांच्या नावाची फरशी काढायला तयार झाले म्हणून सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मन किती मोठं बाईंचं, असं म्हणाले. डोणी गेली, ओटा गेला, पारवे पांगले.

आणि त्याच्या पुढच्या वर्षी बागेतल्या लिंबावर शिक्र्याची तीन पिल्लं वाढली आणि उडाली. तिन्ही. पहिलं उडालं तेव्हा खाली टाळ्या वाजवणारे लोक होते. त्यात मीही होते. आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या कॉलनीच्या सेक्रेटरींनी समाधानानं मान हलवून म्हटलं, “बघा मॅडम, म्हातारा गेला आणि पिल्लं जगली. अजून काय पुरावा पायजे?”

मी टाळ्या वाजवत राहिले. आधीच्या वर्षीची दोन माझ्या कढीपत्त्याखाली होती. कॉलनीच्या हिशेबात तो उन्हाळा आलाच नव्हता, तो मी पुसून टाकला होता. लोकांचं काही चुकलं नाही. त्यांच्यापुढे जे होतं त्यावरून त्यांनी बरोबर निष्कर्ष काढला.

गेल्या हिवाळ्यात शरणप्पा गेले. कॉलनीतून कोहिनूरला कोण जाणार? मी गेले. बसमध्ये ठरवलं होतं, आज सांगायचं. महानंदाला बाजूला घेऊन सगळं सांगायचं. तिनं मला आत नेलं, चहा दिला. तिचे डोळे सुजलेले होते पण बोलत होती भडाभडा, माणसं अशा वेळी बोलतात तशी. अप्पा काय खायचे, कसे झोपायचे, शेवटी शेवटी कसे आभाळाकडे बघत बसायचे. मग आवाज खाली करून म्हणाली —

“मॅडम, अप्पा शेवटपतूर म्हनायलते, मी न्हाई घातलं जहर. रोज तेच. आमी म्हनायचाव, जाऊ द्या अप्पा, झालं ते झालं. रागात मानूस करून बसतंय काई तरी. आमी घरच्यांनी तर कवाच माफ केलतं त्यास्नी.”

तिनं पदरानं डोळे पुसले. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. सांगण्यासारखी ती वेळ नाही असं मी स्वतःला समजावलं, कप खाली ठेवला आणि तीनच्या बसनं परत आले.

स्वतःच्या लेकीच्या घरात, स्वतःच्या लेकीच्या माफीखाली, तो माणूस पाच वर्षं जगला. मला वाटायचं मी त्यांची कॉलनी हिरावली, कबुतरं हिरावली, पंगतीतली पळी हिरावली. ते सगळं त्यांनी बहुधा सोसलं असतं. घरात एक जरी माणूस म्हणालं असतं की अप्पा, तुम्ही नाही घातलं — तर सोसलं असतं. ते एक माणूस मी त्यांना मिळू दिलं नाही.

हे तुमच्यासाठी लिहायला बसले होते, पण लिहून झालं की पहिली प्रत कोहिनूरला जाईल. दुसरी कॉलनीच्या फलकावर मी स्वतः लावीन. महानंदा काय करील, दार लावील की शिव्या देईल, मला माहीत नाही, आणि ते विचारायला मी जाणार नाही.

महानंदा, तुझ्या अप्पांना माफ करण्यासारखं त्यांनी काही केलंच नव्हतं.